765 दिवस, 20 मोहिमा आणि न दिसलेले एल्क

1 मार्च 1872 रोजी यलोस्टोन नॅशनल पार्क स्थापन झालं, तेव्हा तिथल्या डोंगरांत कोणते प्राणी राहत होते आणि साधारण किती? प्रश्न शाळेतल्या पुस्तकातला वाटतो. पण या एका प्रश्नावर गेली तीस-पस्तीस वर्षं वाद चालू आहे. गंमत म्हणजे वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी त्याच डायऱ्या, तेच अहवाल, तीच प्रवासवर्णनं वाचली आहेत. एका बाजूने ती वाचून सांगितलं की इथे एल्क नावालाच होते. दुसरीने सांगितलं की इथे प्राण्यांची रेलचेल होती.

'आधी प्राथमिक साधनं वाचा' असं आपल्याला पहिल्या दिवसापासून सांगितलं जातं. बरं, वाचली. पुढे काय? हे समजून घ्यायला यलोस्टोनसारखं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही, म्हणून आज थोडं सविस्तर लिहितेय.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. जवळपास 9,000 चौरस किलोमीटरचं पठार आणि डोंगर, बहुतेक भाग वायोमिंग राज्यात, थोडा मोंटाना आणि आयडाहोमध्ये. सरासरी उंची अडीच हजार मीटरच्या जवळ, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही बरीच वर. बहुतेक जमीन जंगलाखाली, त्यात लॉजपोल पाइनच जास्त. आज तिथे सस्तन प्राण्यांच्या 67 प्रजाती मोजल्या जातात: ग्रिझली आणि काळं अस्वल, लांडगा, कायोटी, प्यूमा, बायसन, मूस, बिगहॉर्न मेंढी, बीव्हर, आणि खाली उंदीर-चिचुंदऱ्यांपर्यंत. (बायसन म्हणजे आपला गवा नव्हे. इंग्रज शिकाऱ्यांनी गव्याला बायसन म्हणून जो घोळ घातला तो अजून निस्तरलेला नाही.) या सगळ्यांत वादाच्या केंद्रस्थानी आहे एल्क, सांबराच्या गोतातलं पण त्याहून थोराड हरीण.

आता पहिली बाजू. चार्ल्स के नावाच्या संशोधकाने 1990 मध्ये युटा स्टेट विद्यापीठात पीएच.डी. केली आणि पुढे अनेक लेखांतून एक हिशोब मांडला. 1835 ते 1876 या काळात 20 वेगवेगळ्या मोहिमा यलोस्टोनच्या परिसरातून पायी किंवा घोड्यावरून गेल्या. त्यांचे तिथले एकूण दिवस 765. एवढ्या दिवसांत एल्क दिसल्याची नोंद सरासरी 18 दिवसांतून एकदा. आज उन्हाळ्यात तिथे जाणारा पर्यटक गाडीच्या काचेतून अर्ध्या दिवसात एल्क बघतो. त्यामुळे के यांचा निष्कर्ष असा की पार्क होण्याआधी एल्क फार थोडे होते. ते कमी का होते? तर मूळ रहिवाशांच्या शिकारीमुळे. याला त्यांनी 'अतिशिकार' असंच नाव दिलं.

दुसरी बाजू पॉल शुलरी आणि ली व्हिटलसी या दोघा इतिहासकारांची. लांडगे परत आणावेत का, यासाठी अमेरिकन काँग्रेसने अहवाल मागवला होता. त्यातला 1992 चा त्यांचा भाग 1882 पूर्वीच्या लेखी नोंदींवर आहे. त्यांनी 160 पेक्षा जास्त वृत्तांत तपासले. प्राणी मुबलक की दुर्मिळ यावर ज्यांनी काही मत दिलं होतं, त्यांतल्या 90 टक्क्यांहून अधिक लोकांनी मुबलक असं म्हटलं होतं.

इथे जरा थांबा आणि दोन्ही आकड्यांचा छेद बघा. के यांच्या छेदात आहेत दिवस. शुलरी-व्हिटलसींच्या छेदात आहेत मत देणारी माणसं. ज्यांनी प्राण्यांबद्दल काहीच लिहिलं नाही, ती माणसं दुसऱ्या हिशोबातून आपोआप बाहेर जातात. पहिल्या हिशोबात मात्र त्यांचं गप्प राहणं 'एल्क दिसला नाही' म्हणून मोजलं जातं. सगळा फरक इथे आहे. एकाने मौनाला पुरावा मानलं, दुसऱ्याने त्याला गैरहजर ठरवलं. आणि वर एक 'लहानसा' फरक: एकाचा काळ 1876 ला संपतो, दुसऱ्याचा 1881 ला. तो का लहान नाही, त्याकडे नंतर येते.

मग डायरीतल्या मौनाचं काय करायचं? 1870 ची वॉशबर्न मोहीम घ्या. मोंटानाचे प्रतिष्ठित लोक, सोबत लष्कराची छोटी तुकडी, सामान वाहणारे, स्वयंपाकी, घोड्यांचा तांडा. पडलेल्या झाडांमधून वाट काढत ही फौज यलोस्टोन तलावाभोवती फिरत होती. त्यांना शिकार मिळेना, तलावातल्या ट्राउट माशांवर बरीच मदार होती. के यांच्या हिशोबात हे दिवस 'एल्क नाही' या बाजूला पडतात.

त्याच मोहिमेतला ट्रुमन एव्हर्ट्स 9 सप्टेंबरला वाट चुकला. घोडा पळाला, बंदूक घोड्यावरच राहिली, माणूस जवळचंच नीट बघू शकणारा. 37 दिवस तो एका काटेरी झुडपाची मुळं खाऊन जगला. पुढच्या वर्षी त्याने मासिकात हकीकत लिहिली. त्यात एका तलावाकाठी हरणं, एल्क आणि डोंगरी मेंढ्या उभ्या राहून आपल्याकडे बघत होत्या, घाबरण्यापेक्षा त्यांना नवलच जास्त वाटत होतं, असं वर्णन आहे. पाण्यात ऑटर आणि बीव्हरही होते. म्हणजे एकच मोहीम, तेच आठवडे, तोच प्रदेश. तांड्याला प्राणी दिसत नाहीत, आणि एकट्या, निःशस्त्र, गपगार माणसाला दिसतात.

लगेच एव्हर्ट्सवर विश्वास ठेवू नका. तो उपाशी होता, लिहिताना सुटका झालेली होती, लेख लोकांना थरारक वाटेल असा लिहिलेला होता, आणि नजर कमजोर. पण त्याची साक्ष एका गोष्टीकडे नीट बोट दाखवते: 'दिसलं नाही' या वाक्यात प्राण्याइतकीच बघणाऱ्याचीही माहिती असते. किती जण होते, किती आवाज करत होते, कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यात. उन्हाळ्यात एल्क उंचावरच्या कुरणांत जातात आणि हिवाळ्यात खाली उतरतात. या मोहिमा मुख्यतः उन्हाळ्यातल्या आणि वाटा दऱ्यांतल्या. शिवाय माणूस रोज दिसणारी गोष्ट लिहीत नाही. तुमच्या मागच्या महिन्याच्या डायरीत कावळा किती वेळा आलाय?

लांडग्यांच्या बाबतीत तर शब्दच घात करतात. त्या काळातले लोक कायोटीलाही लांडगाच म्हणायचे, फार तर 'माळावरचा लांडगा' वगैरे विशेषण लावून. विशेषण गाळलं की कायोटी पटकन लांडगा होतो. रात्री ऐकू आलेली आरोळी कुणाची, ते तर ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणून नोंदींची यादी करताना 'दिसला', 'ऐकला', 'ठसे दिसले', 'मारला', 'कुणीतरी सांगितलं' असे रकाने वेगळे ठेवावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण हे न करता काढलेली टक्केवारी मी तरी गंभीरपणे घेत नाही.

कागद भांडत असतील तर जमिनीला विचारावं. के यांनी पुरातत्त्वीय स्थळांतली हाडं पुढे आणली: माणसांच्या जुन्या वस्त्यांवर एल्कची हाडं कमी निघतात. मुद्दा वजनदार आहे. पण ही हाडं जंगलाचा नमुना नव्हेत, माणसांच्या स्वयंपाकघराचा नमुना आहेत. लोक काय मारत होते, आणि मारलेल्यातलं काय घरापर्यंत वाहून आणत होते, एवढंच त्यातून कळतं. मोठं जनावर डोंगरात मारलं तर मांस सोडवून आणतात, हाडं तिथेच राहतात.

एलिझाबेथ हॅडली यांनी लामार खोऱ्यातल्या एका छोट्या गुहेत खोदकाम केलं, त्याची गोष्ट मला या सगळ्या वादात सर्वांत आवडते. या गुहेत हाडं गोळा केली ती माणसांनी नव्हे, झुपकेदार शेपटीच्या जंगली उंदरांनी. या उंदरांना सापडेल ते बिळात नेऊन साठवायची खोड. घुबडाने ओकलेल्या गोळ्या, मांसाहारी प्राण्यांची विष्ठा, सुटी हाडं, सगळं. त्यामुळे सुमारे 3,000 वर्षांचा, थरावर थर असलेला हाडांचा साठा तयार झाला. त्यात आज तिथे राहणाऱ्या बहुतेक सस्तन प्राण्यांचे अवशेष आहेत, एल्क आणि लांडगाही. म्हणजे 'एल्क इथले नव्हतेच, माळावरून हुसकावले म्हणून डोंगरात आले' हा जो टोकाचा दावा पूर्वी केला जायचा, तो टिकत नाही. पण किती होते? ते उंदीर सांगत नाहीत. गुहेतली संख्या खरी उपयोगी पडते ती छोट्या प्राण्यांसाठी. ओलावा जास्त असलेल्या शतकांत कोणते घुशी-उंदीर वाढले आणि कोरड्या शतकांत कोणते, हे हॅडलींनी त्यातून छान दाखवलंय.

आकड्यांबद्दल आणखी एक गोष्ट, कारण 'सरकारी मोजणी आहे' म्हटलं की आपण मान खाली घालतो. 1910 च्या दशकातल्या अहवालांनुसार यलोस्टोनच्या उत्तरेकडचे एल्क तीस हजारांच्याही वर गेले आणि 1919-20 च्या भीषण हिवाळ्यात हजारोंनी मेले. ही कहाणी पुढे कित्येक वर्षं 'शिकारी प्राणी मारले की हरणं बेसुमार वाढतात आणि मग कोसळतात' याचा दाखला म्हणून सांगितली गेली. डग्लस ह्यूस्टन यांनी 1982 च्या पुस्तकात मूळ नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांचं म्हणणं: मोठे आकडे मोजलेले नव्हते, अंदाजाने वाढवलेले होते, आणि ती प्रचंड वाढ व तो प्रचंड मृत्यू दोन्ही बऱ्याच अंशी कागदावर घडले. एखाद्या वर्षी घोड्यावरून मोजलं, पुढच्या वर्षी मागच्या आकड्यात ठरावीक टक्के मिळवले, मग कुणीतरी नव्याने मोजलं आणि आकडा पडला. आलेखावर ती पडझड दिसते. प्रत्येक आकड्यापुढे 'हा कसा आला' असा रकाना केला की निम्मे आलेख विरघळतात.

आता तो 1876 आणि 1881 चा मुद्दा. पार्क कागदावर संरक्षित झालं 1872 ला, पण प्राण्यांना संरक्षण नव्हतं. कॅप्टन विल्यम लडलो 1875 मध्ये तिथून गेले. आधीच्या हिवाळ्यात मॅमथच्या गरम झऱ्यांपासून 15 मैलांच्या परिसरात दीड ते दोन हजार एल्क कातड्यासाठी मारले गेले, असा अंदाज त्यांनी अहवालात दिला आहे. कातडं काढून घ्यायचं, बाकी जनावर तिथेच टाकायचं. पार्कचे सुपरिंटेंडंट फिलेटस नॉरिस 1880 च्या अहवालात लिहितात की मेलेल्या जनावरांत स्ट्रिकनीन विष घालून लांडगे जवळजवळ संपवले गेलेत. शिकारीवर बंदी आली 1883 मध्ये. ती मोडणाऱ्याला खरी शिक्षा देणारा कायदा आला 1894 ला. तोपर्यंत बायसन इतके घटले की 1902 मध्ये पार्कात दोन डझनांच्या आसपास उरले आणि बाहेरच्या खाजगी कळपांतून 21 आणावे लागले.

म्हणजे 1870 च्या दशकातले साक्षीदार एका चालू कत्तलीच्या मधोमध फिरत होते. 1871 चा प्रवासी आणि 1877 चा प्रवासी एकच जंगल बघत नव्हते. मग मागे जावं? फर व्यापारासाठी सापळे लावणारा ऑस्बोर्न रसेल 1835 मध्ये लामार खोऱ्यात आला. तिथे त्याला एक छोटा जमाव भेटला: सहा पुरुष, सात बायका, आठ-दहा मुलं आणि सामान वाहणारे तीसेक कुत्रे. अंगावर उत्तम कमावलेली हरणाची आणि मेंढीची कातडी. हे तुकुदिका, शोशोनी लोकांतला डोंगरात राहणारा समाज. नावाचा अर्थच 'मेंढी खाणारे'. बिगहॉर्न मेंढीच्या शिंगांपासून ते धनुष्यं बनवत. त्यांच्याकडे एल्कची कातडी होती, रसेलने ती विकत घेतली.

हे 'मूळ' चित्र म्हणायचं का? तर तेही अवघड. 1780 च्या सुमारास देवीची साथ या प्रदेशातल्या लोकांमधून फिरून गेलेली होती, 1837 ला पुन्हा आली. माणसं घटली की शिकार घटते आणि प्राणी वाढतात. के यांचा युक्तिवाद खरा मानला तर रसेलला दिसलेले एल्कसुद्धा साथीनंतरचे, वाढलेले एल्क असू शकतात. 1995 मध्ये डॅनिएल पॉली यांनी मत्स्यशास्त्रात 'सरकती आधाररेषा' ही कल्पना मांडली: प्रत्येक पिढी आपण लहानपणी पाहिलेली स्थितीच मूळ मानते. इथे ती रेषा इतिहासकारांच्याही हातातून सरकते.

आणि इथे नुसते प्राणी पणाला नाहीत. पार्क झाल्यावर तुकुदिकांना तिथून हलवण्यात आलं, त्यांच्यातले बरेच विंड रिव्हर आणि फोर्ट हॉलच्या राखीव वस्त्यांत गेले. 1877 मध्ये सैन्य मागे लागलेले सातशेहून अधिक नेझ पर्स लोक पार्कातून गेले, पर्यटकांशी त्यांची गाठ पडली. पर्यटक बिचकू नयेत म्हणून नॉरिस यांनी सांगायला सुरुवात केली की गरम पाण्याच्या कारंज्यांना घाबरून आदिवासी इकडे फिरकतच नाहीत. हे साफ खोटं होतं, पण पुस्तकांत शंभर वर्षं टिकलं. त्यामुळे 'प्राण्यांनी भरलेलं, माणसांविना जंगल' हे चित्र मला नेहमी संशयास्पद वाटतं. आणि 'अतिशिकार' हा शब्दही तितकाच खटकतो. कातड्यासाठी एका हिवाळ्यात दोन हजार एल्क मारणाऱ्यांच्या दशकातला पुरावा वापरून 'अति' हा शब्द चिकटवायचा कुणाला, तर तीस कुत्रे घेऊन फिरणाऱ्या वीस-बावीस माणसांना! के यांनी या लोकांना जंगल घडवणारे म्हणून मोजलं, हे त्यांचं श्रेय मात्र द्यायलाच हवं. आधीच्या बऱ्याच जणांनी त्यांना मोजलंच नव्हतं.

या वादाचे परिणाम बंदुकीच्या टोकापर्यंत गेले, म्हणून तो महत्त्वाचा. लांडगे 1926 पर्यंत पार्कच्याच लोकांनी संपवले होते. 1914 पासून मारलेल्यांची नोंद 136 आहे. एल्क फार झाले, गवत आणि विलो संपवतायत, असं ठरवून 1961-62 च्या हिवाळ्यात रेंजरांनी चार हजारांहून जास्त एल्क गोळ्या घालून मारले. देशभर ओरड झाली. त्यातून 1963 चा लिओपोल्ड अहवाल आला, ज्याने सुचवलं की पार्क शक्यतो गोरे लोक पहिल्यांदा आले त्या वेळच्या स्थितीत ठेवावं. म्हणजे इतिहासाचा प्रश्न थेट व्यवस्थापनाचा आदेश झाला! 1960 च्या दशकाच्या अखेरीस मारणं थांबलं, निसर्ग आपलं आपण बघून घेईल असं धोरण आलं, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या कळपाची मोजणी 19,000 च्या आसपास गेली. पूर्वी एल्क मुबलक असतील तर हे ठीक. पूर्वी नसतील तर पार्क स्वतःची झाडं स्वतःच चरायला देत होता. 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणले गेले, तेव्हाही 'ते इथे पूर्वी होतेच' हे कागदांनी दाखवावं लागलं. शुलरी आणि व्हिटलसी नॅशनल पार्क सर्व्हिसशी जोडलेले, के त्या संस्थेचे कडवे टीकाकार. हे वाचताना लक्षात ठेवा, पण तेवढ्यावरून कुणाला निकालात काढू नका.

माझं मत विचाराल तर एल्क, बायसन, लांडगे तिथे होते आणि बऱ्यापैकी होते, याकडे मी झुकते. पण '90 टक्के लोक मुबलक म्हणाले' यातून संख्या निघत नाही. मिसूरीकाठचा माळ बघून आलेल्याचं 'मुबलक' आणि न्यूयॉर्कहून आलेल्याचं 'मुबलक' एक नसतं. के यांचा छेद मला जास्त प्रामाणिक वाटतो, अंश जास्त दुबळा.

तुमच्यापैकी कुणी सह्याद्रीतल्या प्राण्यांच्या इतिहासावर काम करायचं म्हणत असेल, तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत जिल्हावार वन्य प्राण्यांच्या नोंदी आहेत, काही ठिकाणी मारलेल्या वाघ-बिबट्यांचे आणि दिलेल्या बक्षिसांचे आकडेही आहेत. ते वाघांचे आकडे नाहीत, बक्षिसाचे आहेत. बक्षीस वाढलं, कलेक्टर बदलला, बंदुकीचे परवाने कमी झाले की आकडा हलतो, वाघ हलो न हलो.

व्हिटलसी आणि सारा बोन यांनी 2020 मध्ये 1796 ते 1881 या काळातल्या हजारो नोंदींचा दोन खंडांचा ग्रंथ काढला आहे. सरावासाठी त्यातला एकच प्राणी घ्या, बिगहॉर्न मेंढी घेतलीत तर उत्तम. नोंदी महिन्यांनुसार लावा, मग वाटेच्या उंचीनुसार, मग गटातल्या माणसांच्या संख्येनुसार. तीन तक्ते होतील. ते एकमेकांशी जुळले नाहीत, तर तुमच्या प्रस्तावातला 'पद्धती' हा भाग लिहायला बसायची वेळ झाली.